गळतीचा हिशेब

'गळती' हा शब्द आम्हा शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यातला. पटावर नाव आहे, पण मूल वर्गात नाही. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलं, वीटभट्टीवर गेलं किंवा कुठल्याशा दुकानात कामाला लागलं, की ते गळतीत धरलं जातं. माहूर-किनवटच्या डोंगरपट्ट्यात हा शब्द जरा जास्तच वापरावा लागतो. एक मूल गळालं तरी त्याची माहिती भरावी लागते, कारण लिहावं लागतं, त्याच्या घरी जाऊन यावं लागतं. सरकार आमच्याकडून हा हिशेब मागतं ते बरोबरच आहे. ज्याची मोजदाद होत नाही, त्याची काळजीही कुणी करत नाही.

याच देशात आणखी एक गळती आहे, जिचा हिशेब सामान्य माणसासमोर नीट येत नाही. जमिनीतून किंवा समुद्राच्या तळातून नैसर्गिक वायू काढताना विहिरीच्या तोंडाशी, व्हॉल्व्हमधून, कॉम्प्रेसरमधून, टाक्यांमधून जो मिथेन हवेत निसटतो, ती ही गळती. माहूरच्या डोंगरात बसून मुंबईच्या समुद्रातल्या वायूची चिंता कशाला, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, ही चिंता करण्याचा सगळ्यात जास्त हक्क आपल्यासारख्या भागातल्या लोकांनाच आहे.

नाकाला न कळणारा वायू

स्वयंपाकघरात गॅस गळायला लागला की लगेच वास येतो. हा वास गॅसचा स्वतःचा नसतो. सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन मुळात बिनवासाचाच. गळती कळावी, माणसं सावध व्हावीत, म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन अगदी थोडं मिसळलेलं असतं. शहरात नळाने घरोघरी जाणाऱ्या वायूतही असाच वास घालतात.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन. त्याला रंग नाही आणि वासही नाही. विहिरीवर, जिथून तो निघतो, तिथे त्यात कुणी वास मिसळलेला नसतो. त्यामुळे एखाद्या जोडातून तो महिनोन् महिने निसटत राहिला तरी शेजारून जाणाऱ्या माणसाला पत्ता लागत नाही. मुद्दाम शोधायला गेलं तरच तो सापडतो.

हवेत गेल्यावर मात्र तो गप्प बसत नाही. वीस वर्षांच्या काळाचा हिशेब केला तर एक टन मिथेन एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तरी हे प्रमाण ३० पटींच्या आसपास जातं. औद्योगिक क्रांतीनंतर पृथ्वी जेवढी तापली, त्यातला सुमारे ३० टक्के वाटा मिथेनचा मानला जातो. त्याची एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची आहे. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो. मिथेन साधारण १२ वर्षांत विरतो. म्हणजे आज गळती थांबवली तर तिचा गुण आपल्या नातवंडांपर्यंत थांबायला नको, आपल्याच डोळ्यांदेखत दिसेल.

मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्याच नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यातल्या गावांमध्ये रातोरात पाणी शिरलं आणि माणसं वाचवायला लष्कर बोलवावं लागलं. यातली कुठलीही एक घटना अमुक एका वायूमुळे घडली असं कुणी म्हणू नये. पण हवा जसजशी तापते, तसतसं दोन पावसांतलं अंतर वाढतं आणि पडतो तेव्हा तो कोसळतो, हे शास्त्रज्ञ अनेक वर्षांपासून सांगत आहेत. सोयाबीन आणि कापसावर जगणाऱ्या, सिंचन नसलेल्या भागाला या दोन्हीचा मार बसतो.

विहिरीवर नेमकं काय गळतं

वायूची विहीर म्हणजे नुसतं भोक नाही. तिच्यावर व्हॉल्व्हचा एक मनोरा असतो, पुढे वायू, तेल आणि पाणी वेगळं करणारी भांडी, मग वाळवणारं यंत्र, मग कॉम्प्रेसर. या प्रत्येक टप्प्यावर वायू निसटण्याच्या वाटा आहेत.

पहिली वाट नियंत्रकांची. दूरच्या विहिरीवर वीज नसते. मग व्हॉल्व्ह उघडझाप करायला खुद्द वायूचाच दाब वापरतात. असं प्रत्येक उपकरण काम करताना थोडा थोडा वायू बाहेर सोडतं. काही तर सतत सोडत राहतात. ते बिघडलेलं नसतं, त्याची रचनाच तशी असते. यावर उपाय सोपा आहे: वायूऐवजी दाबाची हवा वापरायची, किंवा सौर पॅनेल लावून विजेवर चालणारं नियंत्रक बसवायचं. एवढंही जमत नसेल तर कमी वायू सोडणारं उपकरण लावायचं.

दुसरी वाट कॉम्प्रेसरची. दांडा मागेपुढे होणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये दांड्याभोवती पॅकिंगच्या कड्या असतात. त्या झिजतात, आणि झिजल्या की वायू निसटतो. मोटारसायकलचं ऑइल सील गेलं की मेकॅनिक काय करतो, तेच इथे करायचं. अमेरिकेतल्या नियमांत हे पॅकिंग दर २६,००० तास चालल्यावर किंवा दर तीन वर्षांनी बदलायचा पर्याय घालून दिला होता. म्हणजे हे काम वेळापत्रक लावून करता येतं.

तिसरी वाट जुन्या विहिरींची. वायूचा दाब कमी झाला की विहिरीत पाणी साचतं आणि वायू वर येईनासा होतो. मग विहिरीचं तोंड उघडून पाणी बाहेर फेकतात, त्याबरोबर वायूही हवेत जातो. आपल्याकडे बोअरला फ्लशिंग मारताना पाण्याचा फवारा कसा उडतो ते आठवा. इथे त्या फवाऱ्यात मिथेनही असतो. विहिरीत वरखाली होणारा दट्ट्या बसवून हे पाणी वायू न सोडता काढता येतं.

चौथी वाट टाक्यांची. कच्च्या तेलात विरघळलेला वायू टाकीत गेल्यावर सुटा होतो आणि झाकणातून निघून जातो. तो परत ओढून घेणारी यंत्रं अनेक वर्षांपासून बाजारात आहेत.

पाचवी वाट मशालीची, म्हणजे फ्लेअरची. नको असलेला वायू उंच नळीवर जाळतात. जाळला तर मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो, ते त्यातल्या त्यात बरं. पण ज्योत नीट पेटत नसेल किंवा विझली असेल तर मिथेन तसाच वर जातो. अमेरिकेतल्या मशालींची विमानातून मोजणी करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की ९८ टक्के मिथेन जळतो असं गृहीत धरलं जात होतं, प्रत्यक्षात सुमारे ९१ टक्केच जळतो.

गळती शोधण्यासाठी इन्फ्रारेड कॅमेरे आहेत. डोळ्यांना न दिसणारा वायू त्यांच्या पडद्यावर धुरासारखा दिसतो. अशा तपासण्यांत पुन्हा पुन्हा एक गोष्ट आढळली: सगळीच उपकरणं सारखी गळत नाहीत. सगळ्यांत मोठ्या पाच टक्के गळतींतून निम्म्याहून जास्त वायू जातो. म्हणजे हजार ठिकाणी धावायची गरज नाही. त्या पन्नास जागा शोधून दुरुस्त केल्या की निम्मं काम झालं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज असा, की तेल-वायू क्षेत्रातल्या गळतीचा मोठा भाग थांबवायला येणारा खर्च वाचलेला वायू विकूनच भरून निघतो.

मुंबई हाय आणि उरण

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे. 'सागर सम्राट' या जहाजाने १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि समुद्राखालून वाहिनी टाकून ते उरणला आणलं गेलं. तेलाबरोबर वायूही येत होता. पण तेव्हा तो वाहून नेणाऱ्या वाहिन्या नव्हत्या, घेणारे कारखाने पुरेसे नव्हते. परिणामी सुरुवातीच्या वर्षांत बराचसा वायू समुद्रातच जाळला गेला. पुढे उरणला आणि गुजरातेत हजिऱ्याला प्रकल्प उभे राहिले, थळचा खत कारखाना आला, १९८४ मध्ये गेल ही कंपनी स्थापन झाली, उत्तर भारतापर्यंत वाहिनी गेली आणि जळणं कमी झालं.

ओएनजीसी आजही देशातल्या नैसर्गिक वायूचं निम्म्याहून जास्त उत्पादन करते. मिथेन पकडून तो वापरात आणण्यासाठी २००४ मध्ये चौदा देशांनी जी भागीदारी सुरू केली, तिचा भारत संस्थापक सदस्य होता. २००७ मध्ये ओएनजीसी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेबरोबर करार करून त्यात सामील झाली आणि कॅमेरे घेऊन गळती मोजण्याचं काम तिच्या प्रकल्पांवर झालं. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत पन्नासेक तेल कंपन्यांनी एका सनदेवर सह्या केल्या: २०३० पर्यंत उत्पादन क्षेत्रातला मिथेन जवळजवळ शून्यावर आणायचा आणि नेहमीची मशाल बंद करायची. त्या यादीत ओएनजीसी आहे.

म्हणजे कंपनीला हा विषय ठाऊक आहे, तंत्र ठाऊक आहे आणि तिने शब्दही दिला आहे. हे तिच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. राहतो प्रश्न हिशेबाचा. वार्षिक अहवालात कंपनीची एकत्रित बेरीज देऊन भागत नाही. कुठल्या प्लॅटफॉर्मवर, कुठल्या प्रकल्पात किती गळतं, मागच्या तपासणीत काय सापडलं आणि त्यातलं किती दुरुस्त झालं, हे लोकांना वाचता आलं पाहिजे. शाळेची पटसंख्या शाळानिहाय मागितली जाते. जिल्ह्याची सरासरी सांगून मुख्याध्यापक सुटत नाही.

यात पैशाचा प्रश्न आहेच. आपला देश लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याच्या आसपास वायू बाहेरून विकत घेतो, त्यातला मोठा भाग कतारमधून येतो. उरणला महानिर्मितीचं ६७२ मेगावॅटचं वायूवर चालणारं वीज केंद्र आहे; पुरेसा वायू नाही म्हणून ते वर्षानुवर्षं पूर्ण क्षमतेने चालत नाही. युरियाही वायूपासूनच बनतो. मिथेनमधून हायड्रोजन काढायचा, त्याचा अमोनिया करायचा आणि अमोनियाचा युरिया. खरिपात युरियाच्या गोणीसाठी कृषी केंद्रासमोर रांगेत उभा राहणारा शेतकरी आणि कुठल्याशा झिजलेल्या पॅकिंगमधून निसटणारा वायू, यांचं नातं इतकं सरळ आहे.

बैलाच्या आडून

२०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत मिथेन कमी करण्याची जागतिक प्रतिज्ञा पुढे आली: २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत जगाने ३० टक्के कपात करायची. दीडशेहून अधिक देश त्यात सामील झाले. भारत झाला नाही. सरकारची भूमिका अशी, की आपल्याकडचा मिथेन मुख्यतः जनावरांच्या रवंथातून आणि भातशेतीतून येतो. तो छोट्या शेतकऱ्याच्या पोटाशी बांधलेला आहे, चैनीचा नाही.

ही भूमिका मला पटते. दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या बैलाचा ढेकर मोजायचा आणि तोच जगाला तापवतो म्हणायचं, हा अन्याय आहे. ज्यांनी दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून संपत्ती कमावली, त्यांनी हा हिशेब आधी स्वतःच्या घरी मांडावा.

पण या भूमिकेचा दुसरा अर्धा भाग कुणी बोलत नाही. शेतकऱ्याचा मिथेन जर पोटाचा असेल, तर व्हॉल्व्हचा मिथेन कशाचा? त्यावर कुणाचं पोट चालत नाही. तो थांबला तर एकाही माणसाची भाकरी जात नाही, उलट वायू वाचतो. शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढायचं हे योग्य. पण त्याच्या आडून गळक्या यंत्रालाही सोडून द्यायचं, हे योग्य नाही. भारताने प्रतिज्ञेवर सही केली नाही तरी चालेल. आपल्या विहिरींसाठी आपला कायदा करायला ग्लासगोची परवानगी लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही खरे आहेत. पहिला: भारताच्या एकूण मिथेनमध्ये तेल-वायूचा वाटा लहान आहे. हो, लहान आहे. पण जे सगळ्यांत स्वस्तात आणि सगळ्यांत लवकर होणारं काम, ते आधी करायचं की सगळ्यांत अवघड काम? कोट्यवधी गोठ्यांत जाण्यापेक्षा मोजक्या कंपन्यांच्या दारात जाणं सोपं आहे. दुसरा: अमेरिकाच मागे हटतेय, मग आपण का? हेही खरं. तिथे २०२२ च्या कायद्याने जास्त गळतीवर दंड लावला होता. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने तो बाजूला सारला. पण गळणारा वायू आपला आहे. शेजाऱ्याने नळ उघडा टाकला म्हणून आपण आपला टाकत नाही.

इस्राफ

उर्दू शिकवताना काही शब्द मराठीत नेता नेता अडखळायला होतं. 'इस्राफ' त्यातला एक. शब्दकोशात उधळपट्टी असं सापडेल, पण उधळपट्टी म्हटलं की लग्नातला मंडप, आतषबाजी, न संपलेली ताटं डोळ्यांपुढे येतात. इस्राफचा अर्थ त्याहून मोठा आहे. आपल्याकडे भरपूर आहे म्हणून गरजेपेक्षा जास्त वापरणं हादेखील इस्राफच. नदीकाठी बसून वजू करतानाही पाणी जपून वापरावं, ही शिकवण आमच्या मुलांना मकतबमध्येच मिळते. नदी आटणार नाही हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरीही जपून वापरायचं, कारण ते पाणी आपल्या मालकीचं नाही, ती अमानत आहे.

या कसोटीवर मुस्लिम देशांकडेही बघायला हवं. तेलसंपन्न देशांचा आपल्याला अभिमान वाटतो, हज-उमराहून आलेली माणसं तिथल्या रस्त्यांचं वर्णन करतात. पण इराकमध्ये बसऱ्याच्या तेलक्षेत्रात वायू रात्रंदिवस जळतो आणि तोच देश वीज बनवायला इराणकडून वायू विकत घेत आला आहे. तुर्कमेनिस्तानातल्या वायूक्षेत्रांवरचे मिथेनचे लोट उपग्रहांना वारंवार दिसले. कझाकस्तानात २०२३ मध्ये एक विहीर फुटली आणि सहा महिन्यांत सुमारे १,२७,००० टन मिथेन हवेत गेला. अल्जीरियात हासी मेसाऊद इथली एक गळती काही दशकं चालू होती. ती २०२४ मध्ये बंद झाली, तीही उपग्रहाने दाखवून दिल्यावर आणि संयुक्त राष्ट्रांनी पाठपुरावा केल्यावर.

उलट उदाहरणही याच देशांत आहे. सौदी अरेबियाने सत्तरच्या दशकात ठरवलं की जाळला जाणारा वायू गोळा करायचा, त्यासाठी वाहिन्यांचं देशव्यापी जाळं उभारलं आणि त्यावर वीज, पाणी आणि कारखाने चालवले. यात श्रद्धेचा भाग किती आणि व्यवहाराचा किती, हा वाद निरर्थक आहे. काम झालं हे महत्त्वाचं. नॉर्वेने तर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासूनच सुरक्षेचं कारण सोडून वायू जाळायला बंदी घातली आणि अंमलबजावणी केली. नायजेरियानेही १९७९ मध्ये कायदा करून १९८४ ही मुदत ठरवली होती. तिथे मशाली अजून पेटलेल्या आहेत. दोघांकडेही नियम होता, फरक तो पाळून घेणाऱ्यांत पडला.

संयुक्त राष्ट्रांची संस्था आता उपग्रहातून मोठी गळती दिसली की त्या देशाला आणि कंपनीला कळवते. २०२४ च्या तिच्या अहवालानुसार अशा १,२०० सूचनांपैकी जेमतेम एक टक्क्याला उत्तर आलं. वरून बघणारा डोळा आहे, खालून फोन उचलणारा कुणी नाही.

मागायचं काय

मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक विहीर, प्लॅटफॉर्म आणि प्रकल्पाची कॅमेऱ्याने ठरावीक मुदतीत तपासणी व्हावी आणि ती बाहेरच्या तपासनीसाकडून व्हावी. गळती सापडली की किती दिवसांत दुरुस्त करायची हे कायद्याने ठरावं. प्रकल्पनिहाय आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत, इंग्रजीबरोबर त्या राज्याच्या भाषेतही. वायू सोडणारी नियंत्रकं बदलण्याची तारीख ठरावी. बंद पडलेल्या विहिरींची यादी करून त्या नीट बुजवल्या जाव्यात.

आणि एक मागणी आपल्या मुलांसाठी. नांदेड, लातूर आणि कोकणातली किती तरी मुलं आयटीआय करून फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून आखाती देशांतल्या तेलक्षेत्रांत काम करतात. पॅकिंग बदलणं, जोड आवळणं, व्हॉल्व्ह तपासणं हे त्यांच्या हातातलं काम. गळती शोधण्याचा कॅमेरा चालवणं आणि तिची नोंद ठेवणं हा अभ्यासक्रम आपल्या आयटीआयमध्ये आला, तर हीच मुलं देशात आणि परदेशात जास्त पगाराच्या जागेवर बसू शकतील. हवामान बदल हा आपल्या समाजात फक्त भाषणाचा विषय राहू नये, त्यातून रोजगारही यावा.

तोवर निदान प्रश्न विचारणं तरी आपल्या हातात आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. उरण प्रकल्पात मागच्या वर्षी गळतीची तपासणी किती वेळा झाली, किती ठिकाणं सापडली, किती दुरुस्त झाली, एवढे तीन प्रश्न मराठीत लिहून माहूरच्या टपाल कचेरीतूनही पाठवता येतात. उत्तर आलं तर हिशेब मिळेल. नाही आलं तर हिशेब कोण ठेवत नाही, हे तरी समजेल.